यू-टर्नला तुटलेला शाफ्ट : नागपुरातल्या एका जीपच्या मागच्या ॲक्सलची निवड

मागच्या चाकाला फिरवणारा शाफ्ट तुटला तेव्हा गाडी दगडावर नव्हती, चिखलात नव्हती आणि तिच्यात ओझेही नव्हते. काटोल रोडच्या कोरड्या सिमेंट रस्त्यावर, एकटा चालक, दुसरा गिअर, यू-टर्न. मागून ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडी पुढे चालत राहिली. ॲक्सिलरेटर दिला की एका बाजूला ओढायची, सोडला की दुसऱ्या बाजूला. “चालून तं राहिली ना भाऊ” म्हणत मालकाने ती तशीच चौदा किलोमीटर घरी नेली. तुटल्यावरही गाडी चालत होती, यातच निदानाचा पहिला धागा होता. डिफरन्शिअल म्हणजे दोन्ही चाकांत टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाटून वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. तो साधा असता तर एक शाफ्ट तुटल्यावर गाडी जागची हलली नसती. इथे डिफरन्शिअलमधले चारही लहान गिअर आपसात वेल्ड केलेले होते, त्यामुळे दुसरे चाक तिला ओढत राहिले.

गाडी जुनी, शिडी चौकटीची, पाट्याच्या स्प्रिंगची, फोर बाय फोर जीप. इंजिन २.५ लिटर टर्बो डिझेल, टॉर्क १८० न्यूटन-मीटर. पहिला गिअर ४.० ला १, पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसची लो रेंज २.५ ला १, डिफरन्शिअलला फिरवणारी शेवटची गिअरजोडी म्हणजे क्राउन-पिनियन ३९ आणि ८ दात्यांचे, म्हणजे ४.८८ ला १. मुळात ६.००-१६ चे, उंचीला साधारण २८.५ इंच भरणारे टायर. त्यांच्या जागी ३३ इंची मड टायर आलेले. आठवडाभर कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेत ये-जा, पावसाळ्यात पांदण रस्ते, रविवारी पश्चिमेकडच्या काळ्या बसाल्टच्या नाल्यांतून चढ-उतार. तुटलेला उजवा आणि त्याच्या जोडीचा डावा, दोन्ही शाफ्ट वर्षभरापूर्वीच लेथवर नवीन करून घेतलेले होते.

मालकाची मागणी स्पष्ट होती. सगळ्यात मजबूत शाफ्ट बसवा, आणि मोठ्या टायरमुळे गेलेली ओढ परत यावी म्हणून ५.३८ चा क्राउन-पिनियनही बदला. दोन्हीपैकी कशालाही होकार देण्याआधी तुटलेला तुकडा टेबलावर घ्यावा लागला.

तुकडा काय सांगतो

शाफ्ट आतल्या टोकाला तुटला होता. स्प्लाइनचे, म्हणजे डिफरन्शिअलच्या गिअरमध्ये अडकणारे, दाते जिथे संपतात आणि गुळगुळीत अंग सुरू होते, नेमका तिथे. तोंडावरचे तेल पुसून उजेडात धरले तर प्रत्येक दात्याच्या मुळापासून आत शिरलेल्या चिरा दिसत होत्या, चांदणीसारख्या. चांदणीचा बाहेरचा भाग घासून काळपट आणि गुळगुळीत, मधला रुपयाएवढा भाग मात्र ताजा, दाणेदार. एका फटक्यात पिळून तुटलेला मऊ शाफ्ट असा दिसत नाही. त्याचे तोंड सपाट आणि भोवऱ्यासारखे फिरलेले असते. कडक, ठिसूळ शाफ्ट तुटला तर चीर ४५ अंशांत तिरकी धावते, खडू पिळून तोडावा तशी. चांदणीचा अर्थ एकच : शाफ्ट उलटसुलट पिळला जात होता, रोज थोडा थोडा, आणि चिरा बरेच दिवस आत सरकत होत्या. यू-टर्न ही फक्त शेवटची वेळ.

न तुटलेला डावा शाफ्टही बाहेर काढला. स्प्लाइनवर पोलादी पट्टी ठेवली तर दाते पट्टीला समांतर राहिले नव्हते, एका टोकाला जवळजवळ अर्धा दाता सरकलेले. कानस लावली तर ती सहज चावली. हिंगणा एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडे कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर ठेवला तेव्हा सी स्केलवर काटा २० च्याही खाली. म्हणजे ईएन ८ या साध्या मध्यम कार्बन पोलादाचा बार आणून, लेथवर उतरवून, दाते पाडून तसाच बसवला होता. कडक केलाच नव्हता. वर दात्यांच्या शेवटाला टूलचा धारदार खाचा सोडलेला, गोलाई अजिबात नाही. चीर तिथूनच सुरू होते. करून देणाऱ्याने ‘लोखंड चांगलं आहे’ एवढेच सांगितले होते. लोखंड वाईट नव्हतेही. ते या कामाचे नव्हते.

हिशेब : दोन मर्यादा, लहान ती खरी

शाफ्टवर येणारा टॉर्क दोन ठिकाणी अडतो. एक, इंजिन आणि गिअर मिळून जास्तीत जास्त किती देऊ शकतात. दोन, टायर घसरण्याआधी जमिनीवर किती टेकू देऊ शकतो. या दोहोंतला लहान आकडा शाफ्टच्या वाट्याला येतो.

पहिला आकडा पाहा. १८० गुणिले ४.० गुणिले २.५ गुणिले ४.८८, म्हणजे ८,७८४. घर्षणात बारा टक्के गेले तरी सुमारे ७,७०० न्यूटन-मीटर चाकांपर्यंत पोहोचतात. या आकाराचा कुठलाही शाफ्ट त्यापुढे टिकणार नाही. ‘इंजिन तर लहानच आहे’ हा युक्तिवाद लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये कामाचा नाही. तिथे लहान इंजिनही शाफ्ट तोडते.

म्हणून खरी मर्यादा टायरची. माणसे आणि सामान धरून गाडी १,७०० किलो. व्हीलबेस २.३ मीटर, गुरुत्वमध्याची उंची अंदाजे ०.७५ मीटर, सपाटीवर ५२ टक्के वजन मागे. ३० अंशांच्या चढावर वजन मागे सरकते आणि मागच्या ॲक्सलवर एकूण वजनाच्या सुमारे ६१ टक्के भार येतो : १०,२०० न्यूटन, चाकामागे ५,१००. कोरड्या बसाल्टवर घर्षणांक ०.९ धरला आणि ३३ इंची टायरची भाराखालची त्रिज्या ०.४० मीटर धरली, तर एका चाकाच्या शाफ्टवर १,८४० न्यूटन-मीटर येतात. मूळच्या टायरची त्रिज्या ०.३४ मीटर, त्याला हाच आकडा १,५६०. नुसत्या टायरने १८ टक्के भार वाढवला. मोठ्या टायरचे वजन आणि आपटण्याचा जोर अजून यात धरलेलाच नाही.

आता वेल्ड केलेला डिफरन्शिअल घ्या. एक चाक हवेत गेले की सगळा भार आणि सगळा टॉर्क खाली टेकलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर जातो. १,८४० ची दुप्पट, म्हणजे ३,६८०. साध्या डिफरन्शिअलमध्ये असे घडूच शकत नाही. तिथे हवेतल्या चाकाला जेवढा कमी टॉर्क लागतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. लॉकर, म्हणजे दोन्ही चाके अशीच एकत्र जखडणारी यंत्रणा, बसवणाऱ्याने ही अदलाबदल समजून घेतलेली असावी. लॉकर ओढ देतो आणि तिची किंमत शाफ्टकडून वसूल करतो.

आता शाफ्टची बाजू. व्यासाचा मिलिमीटरमध्ये घन करायचा, ५.१ ने भागायचे आणि पोलादाच्या शिअर यील्डने (ज्या ताणापुढे ते कायमचे पिळते त्या आकड्याने) गुणायचे. उत्तर न्यूटन-मिलिमीटरमध्ये येते. व्यास घ्यायचा तो दात्यांच्या मुळाशी. बाहेरून मापला की प्रत्येक शाफ्ट जाड वाटतो. बारीक आणि जास्त दात्यांचा शाफ्ट सरस म्हणतात त्याचे कारणही हेच : बाहेरचा व्यास तोच ठेवून मुळाशी जास्त लोखंड उरते. दाते मोजून तुलना करू नका, व्हर्नियर लावा.

या शाफ्टचा मुळाशी व्यास २९ मिमी. घन २४,३८९, भागिले ५.१, म्हणजे सुमारे ४,७८०. कडक न केलेल्या ईएन ८ चा शिअर यील्ड २५० मेगापास्कल धरला तर १,२०० न्यूटन-मीटरला शाफ्ट कायमचा पिळतो. कारखान्यातून येणारा इंडक्शन हार्डनिंग केलेला (विजेने तापवून बाहेरचा थर कडक केलेला) शाफ्ट ५०० धरला तर २,३९०. म्हणजे मूळ शाफ्ट, मूळ टायर, साधा डिफरन्शिअल ही जोडी नीट जुळलेली होती. ती बिघडवली तीन बदलांनी, आणि तिन्ही एकाच वेळी.

यू-टर्नचे कोडे इथे सुटते. वेल्ड केलेल्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना सारखेच फिरावे लागते, पण वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. म्हणून एक चाक घसरेपर्यंत दोन्ही शाफ्ट परस्परविरुद्ध पिळले जातात. रिकाम्या गाडीचे वजन १,५०० किलो, मागच्या एका चाकावर ३,८२५ न्यूटन, कोरड्या सिमेंटवर घर्षणांक ०.८, त्रिज्या ०.४०. उत्तर १,२२०. शाफ्टची कुवत होती १,२००. प्रत्येक घट्ट वळणाला तो आपल्या मर्यादेला जाऊन भिडत होता. डावीकडे वळताना एका बाजूने, उजवीकडे वळताना दुसऱ्या बाजूने. चांदणी अशीच पडते. चिखलात आणि मुरमावर चाक लवकर घसरते, म्हणून तिथे हा पीळ कमी. शहरातले सिमेंटचे रस्ते या गाडीसाठी नाल्यातल्या दगडांपेक्षा घातक ठरले.

पाहिलेले तीन पर्याय

जाड शाफ्ट. व्यासाच्या दर इंचाला २४ दाते या मापाचा ३५ दाती शाफ्ट मुळाशी सुमारे ३५.८ मिमी भरतो. कडक केलेल्या ईएन २४ (निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचे मिश्र पोलाद) मध्ये तो सहा हजार न्यूटन-मीटरपर्यंत जातो. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात असा शाफ्ट या हाउसिंगच्या बेरिंगमधून जात नाही, साइड गिअर बदलावे लागतात, आणि सगळे जमवलेच तर पुढचा कमजोर दुवा क्राउन-पिनियन ठरतो. शाफ्ट तुटला तर जॅक, हबचा पुलर आणि तासा-दोन तासांचे काम. पिनियनचा दाता गेला तर तुकडा तेलात फिरून बेरिंगे खातो, जोडी एकत्रच बदलावी लागते, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून पुन्हा बसवण्यात दिवस जातो, आणि गाडी नाल्यात असेल तर ती ट्रॉलीवरच बाहेर येते. कुठला तरी भाग सगळ्यात आधी तुटणारच. तो स्वस्त, बाहेरून काढता येणारा आणि गाडीत सुटा बाळगता येणारा असावा, म्हणजे शाफ्टच.

अख्खा ॲक्सल बदलणे. हलक्या मालवाहू गाडीचा फुल फ्लोटिंग ॲक्सल. त्यात शाफ्ट फक्त फिरवतो, वजन हबची बेरिंगे पेलतात. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. मजबुतीच्या बाबतीत हा सर्वांत पक्का पर्याय. पण गोळा (ॲक्सलच्या मधले डिफरन्शिअलचे फुगीर घर) मोठा असल्याने खालचे अंतर घटते, हाउसिंगचे वजन वाढते, स्प्रिंगच्या बैठका पुन्हा वेल्ड कराव्या लागतात, रुंदी, नट-बोल्टांचे माप आणि ब्रेक सगळेच बदलते, आणि पुढच्या ॲक्सलचे गुणोत्तर मागच्याशी जुळवावे लागते. हे शेवटचे विसरले तर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस गुदमरते. शिवाय एवढे बदल गाडीतल्या फेरबदलांवर बंधने घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कसे बसवायचे हा प्रश्न उरतोच. बागेत नेण्याच्या गाडीसाठी हा खटाटोप जास्तीचा होता.

तिसरा पर्याय मागणी कमी करण्याचा, आणि तोच निवडला. वेल्ड केलेला डिफरन्शिअल भंगारात, त्या जागी सुटे फिरणारे साधे लहान (स्पायडर) गिअर. ३३ इंचींच्या जागी ७.००-१६ चे अरुंद टायर, उंची साधारण ३०.५ इंच, भाराखालची त्रिज्या ०.३७. आणि त्याच मापाचे शाफ्ट, पण ईएन २४ चे, कडक करून.

अरुंद टायर म्हटल्यावर मालकाचा चेहरा उतरला होता. काळ्या रेगड मातीत मात्र रुंद टायरला लोक समजतात तेवढा फायदा नाही. पावसाच्या पहिल्या दोन दिवसांनंतर पांदणीवर वरची वीतभर माती लोण्यासारखी होते, खाली मुरूम किंवा टणक थर असतो. अरुंद टायर ते लोणी कापून खाली टेकतो. रुंद टायर वर तरंगतो आणि त्याच्या खाचांत रेगड भरून तो गुळगुळीत गोळा होतो. खोल, बिनबुडाच्या गाळाला हा नियम लागू नाही, पण तशा जागी या गाडीला जायचेच नव्हते.

आता हिशेब पुन्हा. एका चाकावर ५,१०० गुणिले ०.९ गुणिले ०.३७, म्हणजे १,७०० न्यूटन-मीटर. धक्क्यासाठी दीडपट धरली तर २,५५०. नव्या शाफ्टचे अंग २८.५ मिमी, पोलाद ४० ते ४२ एचआरसीपर्यंत (रॉकवेल सी स्केल) कडक, शिअर यील्ड ६७० मेगापास्कल. कुवत सुमारे ३,०४०. पुरे. हाच शाफ्ट लॉकरसोबत लावला तर मागणी धक्का न धरताच ३,४०० होते, आणि तो पुरत नाही. म्हणून या ॲक्सलमध्ये लॉकर नाही, हे मालकाला लिहूनच दिले. एक चाक हवेत गेले तर हँडब्रेक हलका ओढून दुसऱ्याला टॉर्क देता येतो. ओढ लॉकरइतकी मिळत नाही, पण पांदणीवर भागते.

धक्क्याची दीडपट कशासाठी, हे जरा नीट सांगायला हवे, कारण शाफ्ट बहुतेक वेळा तिथेच जातात. रेगड चिखलात चाक जोरात फिरत असते आणि अचानक मुरमावर टेकते. त्या क्षणी चाक थांबू पाहते आणि मागचे सगळे फिरते वजन पुढे जाऊ पाहते. हा शाफ्ट म्हणजे ७०० मिमी लांबीची पिळाची स्प्रिंग. यील्डपर्यंत तो साडेतेवीस अंश पिळतो आणि त्यात जेमतेम ६२५ जूल ऊर्जा मावते. फ्लायव्हील, क्रँक आणि क्लच मिळून जडत्व ०.२ किलो-चौरस मीटर धरले, तर २,००० आरपीएमला त्यांच्यात सुमारे ४,४०० जूल असतात. सातपट. ही ऊर्जा शाफ्टने झेलायची नाही, ती टायरने घसरून किंवा क्लचने सरकून घालवायची. चाक फिरू लागले की ॲक्सिलरेटर सोडणे हा शाफ्ट वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय.

क्राउन-पिनियन का बदलला नाही

३३ इंची टायरने ४.८८ चे गुणोत्तर प्रत्यक्षात ४.२१ सारखे झाले होते, म्हणून मालकाला ५.३८ हवे होते. ३०.५ इंचीवर ते ४.५६ इतके राहते. गेलेली ओढ सहा-सात टक्केच. आणि खरी ओढ जिथे लागते त्या लो रेंजमध्ये आधीच गरजेपेक्षा जास्त आहे.

मजबुतीची बाजू अशी. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८ दाते, ५.३८ म्हणजे ४३ आणि ८. क्राउनचा व्यास तोच. तेवढ्याच घेरात ३९ ऐवजी ४३ दाते बसवायचे, म्हणजे प्रत्येक दाता सुमारे नऊ टक्के बारीक. चाकांवरचा टॉर्क तोच असेल तर दात्यावरचा जोर बदलत नाही. साडेआठ इंची क्राउनवर ३,४०० न्यूटन-मीटर म्हणजे दात्यांवर साडेतीन टनांच्या वर जोर. तो बारीक दात्याने झेलायचा. पिनियनचे डोकेही लहान होते. उलट ४१ आणि ९ दात्यांची ४.५६ ची जोडी पिनियनला दणकट करते, पण ओढ कमी. टायर मोठे, वजन जास्त, त्यावर गुणोत्तर वाढवले तर शाफ्टकडून काढलेला त्रास पिनियनच्या गळ्यात पडतो. कमी वेग हवाच असेल तर तो ट्रान्सफर केसमधून आणावा. तेव्हा पिनियनचा दाता जाड राहतो, फक्त प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर जास्त भार येतो, आणि क्रॉस रस्त्यावर बदलता येतो.

जुनीच जोडी ठेवायची ठरली, पण ती ठेवण्याजोगी आहे का हे पाहावे लागले. चौदा किलोमीटर तुटका शाफ्ट आत घासत होता. तेल गाळून काढले तेव्हा चुंबकाला स्प्लाइनचे तीन तुकडे आणि भरपूर लोखंडी चिखल चिकटला. पिनियनच्या मागच्या बेरिंगच्या रोलरवर ओरखडे; दोन्ही पिनियन बेरिंगे आणि कॅरियरची बेरिंगे बदलली. क्राउनचे दाते एकेक करून पुसून भिंगाने पाहिले, चिरा आणि खड्डे नव्हते. पिनियनचा प्रीलोड (बेरिंग किती आवळले ते दाखवणारा फिरवण्याचा जोर) नव्या बेरिंगसाठी अडीच ते चार न्यूटन-मीटरच्या दरम्यान, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी चाल) डायल गेजवर क्राउनच्या चार जागी मोजून ०.१५ ते ०.२० मिमी. तुमच्या ॲक्सलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचा खरा. मग निळा रंग लावून दात्यांचा ठसा पाहिला. जुन्या जोडीचा ठसा नव्यासारखा सुबक येत नाही. तो दात्याच्या मधोमध असावा, टोकाला किंवा मुळाला पळालेला नसावा, एवढेच पाहायचे.

शाफ्ट करून घेताना

नागपुरात हे काम एका छताखाली क्वचित होते. बार एकीकडे, लेथ दुसरीकडे, दाते पाडणे आणि हीट ट्रीटमेंट आणखी कुठे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर काय हवे ते कागदावर लिहून द्यावे लागते.

बार ईएन २४, व्यास ४५ मिमी, कारखान्याच्या रासायनिक तपासणीच्या दाखल्यासह. दाखला नसेल तर बार घ्यायचा नाही. ईएन ८ आणि ईएन २४ कापलेल्या तोंडावरून ओळखू येत नाहीत. सगळीकडे दीड मिमी जास्त ठेवून उतरवणे. दाते हॉबिंग (दाते कापण्याच्या) मशीनवर, मऊ असतानाच. दात्यांच्या शेवटी खाचा नको, दाते हळूहळू वर येऊन संपले पाहिजेत. बेरिंगच्या खांद्याला ३ मिमी गोलाई. अंगाचा व्यास दात्यांच्या मुळापेक्षा किंचित कमी : मुळाशी २९, तर अंग २८.५. ही सूचना लेथवाल्याला हमखास उलटी वाटते. अंग जाड ठेवले तर सगळा पीळ दात्यांच्या मुळाशी गोळा होतो. बारीक ठेवले तर तो सातशे मिलिमीटरमध्ये पसरतो.

हीट ट्रीटमेंटला शाफ्ट उभे टांगून, आडवे ठेवले की वाकतात. ८३० ते ८५० अंशांवरून तेलात, मग लगेच ४८० ते ५२० अंशांवर टेम्पर (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवणे). ‘जास्त कडक म्हणजे जास्त मजबूत’ म्हणून कोणी ३०० अंशांवर टेम्पर करायला निघाला तर थांबवा. २५० ते ४०० च्या पट्ट्यात हे पोलाद ठिसूळ होते आणि पहिल्याच धक्क्याला खडूसारखे तुटते. कडकपणा तीन जागी मोजायचा : दाते, मध्य, टेपरच्या (हबमध्ये बसणाऱ्या निमुळत्या टोकाच्या) बाजूला. पहिल्या खेपेला एका शाफ्टच्या मध्यावर ३४ आले होते, तो परत भट्टीत गेला. वाक ०.२ मिमीच्या आत, सरळ करायचे तर टेम्परच्या तापमानाखाली गरम करूनच. शेवटी बेरिंगची जागा आणि टेपर ग्राइंड, आणि चुंबकी पावडर टाकून चिरांची तपासणी. नंबर ठोकायचा तर फक्त टोकाच्या तोंडावर, अंगावर कधीच नाही. गंज लागू नये म्हणून झिंक प्लेटिंगही नको. एवढ्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून तडे जातात. तेलाचा हात पुरे.

बसवताना टेपरला निळा रंग लावून हबमध्ये फिरवून पाहिला, तीन चतुर्थांशापेक्षा जास्त जागा लागायला हवी. टॉर्क टेपरच्या पकडीतून जातो, चावीतून नाही; पकड ढिली असली की चावी कापली जाते आणि लोक चावीलाच दोष देतात. टेपर कोरडा, तेल-ग्रीस नाही. नट किमान २०० न्यूटन-मीटर, मग कॉटर पिनचे भोक जुळेपर्यंत पुढे. मागे घेऊन जुळवायचे नाही. शाफ्टची आडवी चाल शिम लावून ०.०५ ते ०.१५ मिमी. तेल जीएल-५ दर्जाचे ८५डब्ल्यू-१४०, कारण मेमध्ये ४५ अंशांच्या हवेत पातळ तेल या गोळ्यात टिकत नाही. ब्रीदरला (हाउसिंगच्या हवा ये-जा करणाऱ्या भोकाला) रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर नेली. नाही तर तापलेले हाउसिंग नाल्याच्या थंड पाण्यात शिरले की आत पाणी ओढते आणि तेल ताकासारखे होते.

पुढच्या ॲक्सलला हात लावला नाही. ३० अंशांच्या चढावर त्याच्यावर एकूण वजनाचा चतुर्थांश भारच येतो. मात्र हाच चढ रिव्हर्समध्ये चढला तर गणित उलटते, वजन पुढच्या ॲक्सलवर जाते, आणि स्टिअरिंग वळवलेले असेल तर क्रॉस जॉइंट सगळ्यात आधी जातो. अडकल्यावर रिव्हर्समध्ये जोर लावून, चाके वाकडी ठेवून गाडी काढण्याची सवय मालकाला होती. ती सोडायला सांगितले.

बसवण्याआधी दोन्ही शाफ्टांच्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली होती, आणि तोंडावर डावा-उजवा. पावसाळा संपल्यावर दोन्ही बाहेर काढले. डाव्याची रेघ सरळ. उजव्याची रेघ अंगाच्या लांबीत दीड मिलिमीटर सरकलेली, म्हणजे सहा अंशांचा कायमचा पीळ. कधीतरी एकदा तो यील्डच्या पुढे गेला होता. चिरा पावडरमध्ये दिसल्या नाहीत. असा शाफ्ट पुन्हा त्याच बाजूला बसवता येतो, कारण पुढे ओढताना पीळ त्याच दिशेचा पडतो. तो डावीकडे गेला तर उलट्या दिशेने पिळला जाईल आणि आधीपेक्षा कमी टॉर्कलाच यील्ड होईल. उजवा उजवीकडेच परत गेला. सुटा म्हणून करून ठेवलेला तिसरा शाफ्ट, चावी, नट, कॉटर पिन आणि सील मागच्या सीटखाली आहेत.